सोलापूर ते मोपा, कमरेला पंप

गुरुवार

होटगी रोडवरून विमान उडतं हे आम्हा सोलापूरकरांच्या अजून अंगवळणी पडलेलं नाही. विमानांच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीवरून वर्षानुवर्षं वाद झाला, जून २०२३ मध्ये ती पाडली, सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं आणि ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं. तरी आजही गल्लीत कुणाला "विमानानं चाललोय" म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, "पुण्यावरनं का?"

मावसबहिणीचं लग्न म्हापशाला. गाडीनं जायचं तर अख्खा दिवस मोडतो, त्यात मे महिना. म्हणून विमान. मनूला खिडकीची जागा मिळणार याचा आनंद, नवऱ्याला आठ तास गाडी चालवावी लागणार नाही याचा. माझ्या डोक्यात मात्र सुरक्षा तपासणीची रांग.

मनू आठ वर्षांची आहे आणि तिला टाइप १ मधुमेह आहे. (नाही, गोड जास्त खाल्ल्यामुळे नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. हे वाक्य मी लग्नकार्यात इतक्यांदा बोलते की आता श्वास न घेता म्हणता येतं.) तिच्या कमरेच्या पट्ट्यात इन्सुलिन पंप असतो, त्याची बारीक नळी पोटावरच्या कॅन्युलापर्यंत (त्वचेखाली बसवलेली इवलीशी मऊ नळी) जाते आणि दंडावर सेन्सर चिकटवलेला असतो. सेन्सर दर पाच मिनिटांनी आकडा पाठवतो, त्यावर पंप इन्सुलिन कमी-जास्त करतो.

आतापर्यंतचा आमचा प्रवास म्हणजे दर तीन महिन्यांनी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणे, डॉक्टरांकडे. रेल्वेत कुणी पोटाला हात लावत नाही. विमानतळावर लावतात.

पंपाबरोबर आलेल्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय: पंप आणि सेन्सर सामानाच्या एक्स-रे यंत्रात घालू नयेत, पूर्ण शरीर स्कॅन करणाऱ्या यंत्रातूनही नेऊ नयेत. साधी मेटल डिटेक्टरची चौकट आणि हातातला डिटेक्टर चालतो. हे आमच्या पंपाचं झालं. प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो, काही नव्या सेन्सरना सवलत आहे, तेव्हा दुसऱ्याच्या अनुभवावर जाऊ नये, आपली पुस्तिका काढून बघावी. पाकिटातले न वापरलेले सेन्सरही आमच्या पुस्तिकेप्रमाणे एक्स-रेत घालायचे नाहीत, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ते मी वेगळ्या पारदर्शक पिशवीत घेतले, म्हणजे मागितले की लगेच हातावर ठेवता येतील.

डॉक्टरांचं पत्र महिन्याभरापूर्वीच आणलं होतं. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह: मुलीला टाइप १ मधुमेह आहे, पंप शरीराला जोडलेला आहे, सोबत इन्सुलिन, सुया, लॅन्सेट (बोट टोचायच्या बारीक सुया) आणि गोड पेय असणं गरजेचं आहे, उपकरणाची तपासणी हाताने करावी. पत्र छान आहे, फक्त संपूर्ण इंग्रजीत आहे आणि एक पान भरून आहे. पाठीमागे माणसं खोळंबलेली असताना ते कोण वाचणार, ही शंका मला तेव्हाच आली होती.

पिशवीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण खरं काम तिथं असतं. हिशेब सरळ आहे: लागेल त्याच्या दुप्पट, आणि सगळं हातातल्या बॅगेत. विमानाच्या पोटातल्या सामानात इन्सुलिन टाकायचं नाही. तिथं ते गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन परत पातळ झालं तरी कामाचं राहत नाही. शिवाय ती बॅग दुसऱ्याच गावी गेली तर? इन्फ्युजन सेट (नळी आणि कॅन्युला), रिझर्व्हॉयर (पंपातली इन्सुलिनची कुपी), बॅटऱ्या, ग्लुकोमीटर, पट्ट्या, कीटोनच्या पट्ट्या (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात ही आम्लं साठतात), ग्लुकोजच्या गोळ्या, ज्यूसचे छोटे खोके. आणि पंप बंद पडलाच तर इन्सुलिन पेनं, लांब पल्ल्याचं आणि जलद, दोन्ही. पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं. तो काढून ठेवला की शरीरात मागे काही साठा उरत नाही, काही तासांत साखर चढते आणि कीटोन सुरू होतात. "थोडा वेळ काढून ठेवा की" म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं.

उरला उन्हाचा प्रश्न. सोलापूरचा मे म्हणजे पारा बेचाळीसच्या पुढं. उघडलेली इन्सुलिनची बाटली तीस अंशांच्या आत ठेवायची असते आणि बहुतेक पंपांची स्वतःची मर्यादासुद्धा ३७ ते ४० अंशांच्या दरम्यान. आमच्याकडे वीज गेली की सासूबाईंचा उपाय असतो: मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधल्या फटीत ओली वाळू, वर ओलं फडकं. आत डबीत बाटली. त्या अक्कलकोटच्या, घरात दुधाला त्यांनी हेच केलेलं. डॉक्टरांनीही मान डोलावली, कारण इथली कोरडी हवा पाणी भराभर ओढून घेते आणि आत गारवा राहतो. प्रवासाला तीच युक्ती कापडी पाकिटात मिळते: आत दाणे असतात, पाण्यात भिजवले की फुगतात आणि वाळता वाळता गार राहतात. बर्फ लागत नाही, बर्फाला चिकटून बाटली गोठण्याची भीतीही नाही. रात्री ते भिजवलं आणि बॅग दाराशी ठेवली.

सासूबाई म्हणाल्या, "पोलीस लोकं असलं यंत्र इमानात सोडतेत का गं?"

"सोडतात. सांगावं लागतं."

"मग आधीच सांग. वाजल्यावर सांगितलं तर बहाणा वाटतो."

पंपाच्या पुस्तिकेत नाही ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

शुक्रवार

विमानतळ लहान. दारात तिकीट-ओळखपत्र, आत काउंटर, मग तपासणी. गर्दी म्हणावी तशी नाही. गोव्याला चाललेली पोरं टोप्या घालूनच आलेली, एक आजोबा पिशवीत शेंगाचटणीची पाकिटं घेऊन, आणि आम्ही.

रांगेत मनूच्या साखरेचा आकडा होता ११८, बाण खाली, म्हणजे साखर उतरतेय. पहाटे उठून दूध घेतलं होतं, पण उत्साहानं साखर उतरते हा आमचा नेहमीचा अनुभव. ग्लुकोजच्या गोळ्या बॅगेत न ठेवता मनूच्याच खिशात ठेवल्या होत्या. बॅग पट्ट्यावर गेली की ती मिनिटभर आपली नसते, आणि नेमकं त्याच मिनिटात मूल थरथरायला लागतं.

बॅगा ट्रेमध्ये ठेवायच्या आधी मी तिथल्या महिला कर्मचाऱ्याकडे गेले. पत्र हातात होतं, पण दाखवलं नाही. मनूचा टी-शर्ट थोडा वर करून पंप दाखवला आणि म्हटलं, "ताई, मुलीला शुगर आहे. हे इन्सुलिनचं मशीन अंगाला जोडलेलंय. चौकटीतनं चालेल, एक्स-रेत नको. हातानं तपासा."

त्यांनी वाकून बघितलं. "एवढ्याशा पोरीला?"

"हो."

"ही नळी आत गेलीय?"

"आत बारीक मऊ कॅन्युला आहे," मनूनं सांगितलं. ती हे शाळेतही सांगते. "दुखत नाही. लावताना टुचकन होतं."

"काढता येतंय का हे?"

हा प्रश्न सगळ्यात अवघड. "नाही" म्हटलं की खोटं, कारण काढता येतं, आंघोळीला काढतोच. "हो" म्हटलं की लगेच ट्रे पुढे येतो. मी म्हटलं, "येतं, पण काढलं की औषध बंद होतं. आणि काढलं तरी एक्स-रेत घालायचं नाही, खराब होतं. लाखांच्या घरातली वस्तू आहे, आणि पुन्हा लगेच मिळत नाही." किंमत ऐकल्यावर ताईंचा चेहरा बदलला. माझा अनुभव असा की वैद्यकीय कारण एका कानानं ऐकतात, किंमत दोन्ही कानांनी.

चौकट वाजली नाही. ताई आम्हाला पडद्यामागे घेऊन गेल्या. हातातला डिटेक्टर पंपाजवळ आला आणि किर्रर्र वाजला, मनू खुदकन हसली. ताईंनी पंप हातात न घेता मनूलाच फिरवून दाखवायला सांगितला, मागची बाजू, बॅटरीचं झाकण. पडद्यावरचा आकडा वाचला. "एकशे सात. हे काय?"

"माझी साखर," मनू म्हणाली. "गोळी खाऊ का? बाण खाली आहे."

"खा की. मला काय विचारतीस."

मग पत्र पाहिलं. वरवर, शिक्का आणि सही. न वापरलेल्या सेन्सरची पिशवी उघडून पाकिटं उलटीसुलटी केली. बाकी बॅग एक्स-रेतून गेली. इन्सुलिनला त्यानं काही होत नाही. पलीकडं पडद्यासमोर बसलेल्या माणसानं सुया पाहून बॅग बाजूला काढली, ताईंनी त्याला हाताने खूण केली, "शुगरचं पोरीचं," आणि बॅग आमच्याकडे आली. निघताना त्यांनी सांगितलं, "माझ्या आईला बी सुया हायत. पण ती सत्तरची."

विमान एटीआर, दोन्हीकडे दोन-दोन खुर्च्या, पंख वर आणि पंखे खिडकीबाहेर दिसतात. मनू पंख्याकडे बघत बसली आणि मी पंपाकडे, कारण तपासणी संपली तरी पंपाचं काम संपत नाही. विमान वर जाताना केबिनमधला हवेचा दाब कमी होतो. रिझर्व्हॉयरमध्ये हवेचे बुडबुडे असतील ते फुगतात, विरघळलेली हवाही बाहेर येते, आणि कुणी बटण न दाबता थोडं इन्सुलिन नळीतून पुढं ढकललं जातं. खाली उतरताना उलटं होतं, थोडं मागे ओढलं जातं. ऑस्ट्रेलियातल्या बालमधुमेह तज्ज्ञांनी हे मोजून २०११ साली 'डायबिटीस केअर' नियतकालिकात मांडलं: चढताना साधारण एक ते दीड युनिट जास्तीचं जाऊ शकतं. मोठ्या माणसाला हे किरकोळ. मनूच्या वजनाच्या मुलीची साखर एका युनिटनं साधारण शंभरानं उतरते.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं केलं. रिझर्व्हॉयर अर्धाच भरलेला. विमान धावायला लागायच्या आधी नळी पोटापासून सोडली, वर स्थिरावल्यावर बुडबुडा आहे का बघितला, होता, शेंगदाण्याच्या फोलपटाएवढा हलका, नखानं टिचकी मारून वर घेतला, नळीतून बाहेर काढला आणि परत जोडलं. शेजारच्या आजोबांनी चटणीच्या पिशवीवर हात ठेवून हे सगळं बघितलं. म्हणाले, "आमच्या लूमला बी असंच असतंय. हवा शिरली की धोटा नीट जात नाही." लूममध्ये हवा कशी शिरते हे मला कळलं नाही, पण माणूस सोबतीला होता.

मोपाला, म्हणजे गोव्याच्या विमानतळावर, उतरल्यावर पुन्हा नळी सोडली, दोन युनिट हवेत सोडून दिले, थेंब टोकाला आला, जोडलं. आकडा १४१. बाहेर आलो आणि चष्म्यावर वाफ धरली.

शनिवार

लग्न. मनूनं भात खाल्ला, माशांचं हुमण खाल्लं, सोलकढी दोन वाट्या. आमच्या घरी ज्वारीची कडक भाकरी आणि भाजी, त्याचा हिशेब पाठ आहे. भाताचा हिशेब वेगळा: ताटात कमी दिसतो आणि पोटात जास्त निघतो, आणि चढतो लवकर. वाढणाऱ्या मावश्या "अगो, इतुकोच?" म्हणत वरून आणखी घालत होत्या. शेवटी मी भात मोजायचा नाद सोडला आणि सेन्सरच्या मागं लागले. दुपारी २३०, संध्याकाळपर्यंत १५०. लग्नाच्या दिवसाला हा आकडा मी आनंदानं घेते.

गोव्यात एक गोष्ट मात्र उलटी झाली. भिजवलेलं कापडी पाकीट. सोलापुरात ते हाताला गार लागत होतं. इथं सकाळी बघते तर कोमट, ओलं आणि तसंच फुगलेलं. हवेतच इतकं पाणी की पाकिटातलं पाणी उडायला जागाच नाही. आणि पाणी उडालं नाही तर गारवा कुठून येणार? दमट गावाला ही युक्ती अर्धीच चालते. मावशीच्या फ्रीजच्या दारात इन्सुलिनला जागा करून दिली, फ्रीजरपासून लांब. दारात शेजारी तिरफळाची बाटली होती. दोन दिवस माझ्या बॅगेला तिचा वास येत राहिला.

घामानं सेन्सरची कडाही सुटली. वरून चिकटपट्टीचा गोल तुकडा लावला.

रविवार

मोरजीचा किनारा. पाण्यात जाताना पंप काढला, टॉवेलमध्ये गुंडाळून सावलीत, छत्रीच्या दांड्याशी. तासाभराच्या वर काढून ठेवायचा नाही हा घरचा नियम. मध्ये एकदा जोडून राहिलेला डोस दिला. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्यासाठी कुंपण घातलेली जागा होती. मनूनं कासवांना साखर होते का विचारलं. नवऱ्यानं "विचार की त्यांना" म्हणून सोडवणूक करून घेतली.

सोमवार

मोपाचा विमानतळ मोठा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालं, मनोहर पर्रीकरांचं नाव दिलेलं. लांबच लांब रांगा, एकामागून एक ट्रे, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला घाई. इथं जाऊन ओळख करून घ्यायला सवड नव्हती. रांगेत असतानाच मनूला सांगितलं होतं, ट्रे दिसला की पंपावर हात ठेवायचा आणि कुणी काढ म्हटलं तरी आईकडं बघायचं.

ट्रेपाशी उभ्या तरुणानं पट्टा पाहिला आणि म्हणाला, "बेल्ट निकालो बेटा." मनूनं पंपावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी हिंदीत दोन वाक्यं बोलले: बेल्ट नाही, इन्सुलिन पंप आहे, शरीराला जोडलेला, एक्स-रेत जाणार नाही, हातानं तपासा. त्यानं महिला अधिकाऱ्यांना बोलावलं. त्या कडक होत्या, शांत होत्या, आणि त्यांना सगळं माहीत होतं. मला बरं वाटलं ते त्याच गोष्टीचं.

त्यांनी विचारलं, "सेन्सर कुठंय?" दंड दाखवला. मग एक छोटी पांढरी पट्टी घेऊन मनूच्या दोन्ही तळव्यांवरून फिरवली, मनूनं हाताळलेल्या पंपावरून फिरवली आणि शेजारच्या यंत्रात सरकवली. स्फोटकांचे कण आहेत का ते यंत्र शोधतं. काही सेकंद गेले. मनूनं श्वास धरला होता. हिरवा दिवा. "हो गया."

"हातावर काय शोधलं?" मनूनं विचारलं.

"फटाके," अधिकारी म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

तेवढ्यात बॅग अडली. पेनच्या सुया नाहीत, लॅन्सेट नाहीत. अडलं ते भिजलेलं कापडी पाकीट. फुगलेल्या दाण्यांचं गच्च, ओलसर काहीतरी. पत्रात त्याचा उल्लेख नाही. मी त्यांच्यासमोर उघडलं, आतली इन्सुलिनची बाटली आणि तिच्यावरचं औषध दुकानाचं लेबल दाखवलं. ते पाहून परत दिलं. पुढच्या पत्रात "इन्सुलिन थंड ठेवण्याचं पाकीट" हे शब्द घालून घ्यायचेत, आणि औषधाचं बिल किंवा लेबल बाटलीवरून काढायचं नाही, हे आता मी प्रत्येक पालकाला सांगते.

विमानात तोच क्रम: सोडा, बुडबुडा बघा, जोडा. मनूला आता ते पाठ झालंय, टिचकी तीच मारते.

होटगी रोडला उतरलो आणि दार उघडताच चुलीपुढं उभं राहिल्यासारखी झळ आली. गाडी उन्हात उभी होती, आतला पट्टा हाताला चटका देत होता. मी गाडीत बसायच्या आधी नवऱ्याला दारं उघडून पाच मिनिटं एसी लावायला लावला. पंप तोवर माझ्या ओढणीच्या सावलीत. एक्स-रेची चिंता सगळे करतात, पत्रं आणतात, पण आमच्या गावी पंपातल्या इन्सुलिनचा खरा शत्रू बंद गाडी आहे. उन्हात उभ्या गाडीचं तापमान पन्नासच्या पुढं सहज जातं आणि खराब झालेलं इन्सुलिन दिसायला पाण्यासारखं स्वच्छच असतं, आकडा चढायला लागल्यावरच कळतं.

आकडा चढलाच. घरी येईपर्यंत २६०, डोस दिला तरी दोन तासांनी २७५. कीटोन बघितले, किंचित. नवऱ्याचं म्हणणं, कॅन्युला वाकली असेल. माझं म्हणणं, ऊन. वाद घालत बसायचं नसतं. अशा वेळी पंपाला विचारायचं नाही, पेननं डोस द्यायचा आणि सगळं बदलायचं. नवा सेट, नवा रिझर्व्हॉयर, आणि मडक्यातली बाटली. जुनी कॅन्युला काढून बघितली तर सरळ. नवऱ्यानं ती उजेडात धरून बराच वेळ फिरवली, तरी ती सरळच राहिली. रात्री नऊला १६२ आणि बाण आडवा.

जेवताना सासूबाईंनी सगळा तपशील ऐकला. फटाक्यांपाशी हसल्या. मग विचारलं, "आता पुढं कुठं?"

जूनमध्ये बंगळुरूला, नणंदेकडे. सोलापूरहून थेट विमान आहे.

"मग तिथं हिंदी कशाला? तिथल्या बाईला कन्नडात सांग. पाठ करून घे." त्यांनी ताटातली भाकरी मोडायची थांबवली आणि मनूला समोर बसवून म्हणायला लावलं: "इदु इन्सुलिन पंप. एक्स-रे ओळगे हाकब्याडरी." म्हणजे, हा इन्सुलिन पंप आहे, एक्स-रेत घालू नका.

मनूला 'हाकब्याडरी' म्हणताना हसू फुटत होतं. सासूबाईंनी ते तिच्याकडून नीट येईपर्यंत शेंगाचटणी पुढं सरकवली नाही.